नीतीला ईश्वराची साक्ष लागते का?

भारतातील न्यायालयात साक्ष देणाऱ्या माणसापुढे १९६९ च्या शपथ अधिनियमाने दोन पर्याय ठेवले आहेत. त्याने ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी, किंवा ईश्वराचे नावही न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे. दोन्हींचे कायद्यातील वजन सारखेच मानले जाते आणि न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंतची कैदही दोघांना सारखीच होऊ शकते. (हिंदी चित्रपटांतील साक्षीदार ज्या गीतेवर हात ठेवून बोलतो, ती गीता या कायद्याने दिलेल्या नमुन्यात कोठेच नाही.) मंत्री, आमदार, खासदार आणि न्यायाधीश यांच्यासाठी संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत हीच दुहेरी सोय आहे. ईश्वर न मानणारा माणूसही खरे बोलण्याच्या बंधनात राहू शकतो, हे राज्यसंस्थेने अशा रीतीने गृहीतच धरले आहे.

लोकांना मात्र हे तितके उघड वाटत नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये ३४ देशांत लोकमत अजमावले आणि निष्कर्ष पुढल्या वर्षी प्रसिद्ध केले. सद्वर्तनी असण्यासाठी देवावर श्रद्धा आवश्यक आहे का, या प्रश्नाला इंडोनेशिया आणि फिलिपीन्स येथील ९६ टक्के लोकांनी होकार दिला, स्वीडनमध्ये केवळ ९ टक्क्यांनी, तर भारतात ७९ टक्क्यांनी. ज्या देशाचा कायदा निरीश्वरवाद्याच्या शब्दावर विसंबतो, त्याच देशातील दर पाच माणसांपैकी जवळजवळ चौघांना त्या शब्दामागचा आधार लटका वाटतो, हे कोडे उलगडून पाहण्याजोगे आहे.

लोकांची ही शंका जुनी आणि प्रतिष्ठित आहे. धार्मिक सहिष्णुतेचा पुरस्कर्ता म्हणून ज्याचे नाव आदराने घेतले जाते, त्या जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानेही १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुतेवरील पत्रात नास्तिकांना सवलत नाकारली. वचने, करार आणि शपथा हे समाजाला एकत्र ठेवणारे धागे असून, ईश्वर न मानणाऱ्याला ते बांधू शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. या युक्तिवादातील फट तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये दाखवली. नास्तिकाची साक्ष नाकारणारा नियम खोटे बोलण्यास तयार असलेल्या प्रत्येक नास्तिकाला मुकाट्याने आत घेतो, आणि आपली अश्रद्धा उघडपणे कबूल करण्याइतका जो सचोटीचा आहे, नेमक्या त्यालाच दाराबाहेर ठेवतो.

चौकट : ब्रॅडलॉचे प्रकरण

चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थहॅम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. जाहीरपणे नास्तिक असल्यामुळे त्याने शपथेऐवजी दृढकथनाची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. मग तो शपथ घेण्यास तयार झाला, तेव्हा नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय, असे म्हणून तीही घेऊ दिली नाही. त्याला काही काळ पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात अटकेत ठेवण्यात आले. जागा रिकामी झाली की मतदार त्यालाच पुन्हा निवडून देत. अखेर १८८६ मध्ये त्याला शपथ घेता आली आणि १८८८ मध्ये त्याच्याच प्रयत्नाने दृढकथनाचा हक्क देणारा कायदा संमत झाला. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर तो पार्लमेंटमध्ये सतत बोलत असे; १८८९ च्या मुंबई काँग्रेसलाही तो उपस्थित होता.

एका प्रश्नाच्या पोटातले तीन प्रश्न

नीती धर्मश्रद्धेवर अवलंबून आहे का, या वादात दोन्ही बाजू पुष्कळदा एकमेकींना चुकवून बोलतात, कारण या एका प्रश्नाच्या पोटात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला अधिष्ठानाचा : एखादी कृती योग्य किंवा अयोग्य ठरते ती कशामुळे, ईश्वराच्या आज्ञेमुळे की आणखी कशामुळे? दुसरा उगमाचा : योग्यायोग्याची जाण माणसाच्या मनात येते कोठून? तिसरा प्रेरणेचा : योग्य काय ते कळल्यावरही, विशेषतः कोणी पाहत नसताना, माणूस तसे वागतो कशाच्या बळावर? यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. देवाच्या भीतीने पुष्कळ लोक चोरी करीत नाहीत, हे खरे असले तरी चोरी वाईट असण्याचे कारण देवाची आज्ञा हेच आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. उलट, नीतीचा पाया ईश्वराविना उभा राहतो असे तर्काने दाखवले, तरी त्या पायावर माणसे प्रत्यक्षात चालतात की नाही हा प्रश्न शिल्लक राहतोच.

वजन आणि शिक्का

अधिष्ठानाच्या प्रश्नावरील सर्वात जुनी आणि अजूनही सर्वात धारदार मांडणी प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात आहे. युथिफ्रो हा अथेन्समधील धर्मज्ञ म्हणवणारा माणूस स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरण्यासाठी निघालेला आहे. नॅक्सॉस बेटावरील त्यांच्या शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार मारले. वडिलांनी त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खंदकात टाकले आणि पुढे काय करावे हे धर्माधिकाऱ्यांना विचारण्यासाठी अथेन्सला माणूस पाठवला. निरोप परत येण्यापूर्वीच तो मजूर थंडीने आणि उपासमारीने मेला. बापावर खटला भरणे हे पाप की पुण्य, असा नातेवाइकांचा वाद चाललेला असताना युथिफ्रोला मात्र देवांना काय प्रिय आहे ते पक्के ठाऊक आहे. त्याला सॉक्रेटिस एवढेच विचारतो, की पवित्र गोष्ट पवित्र असल्यामुळे देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय असल्यामुळे ती पवित्र ठरते?

बाजारातील वजनाचे उदाहरण घेतले की या प्रश्नातला पेच स्पष्ट होतो. वाण्याच्या तराजूतील एक किलोच्या वजनावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. त्या शिक्क्याने वजन एक किलोचे होत नाही. ते प्रमाण वजनाशी ताडून पाहिल्यावर बरोबर भरले म्हणून शिक्का मिळतो. शिक्क्यानेच किलो ठरत असता, तर निरीक्षकाने पावशेरी दगडावर शिक्का मारताच तोही किलोचा झाला असता, आणि ‘निरीक्षकाने शिक्का बरोबर मारला’ या वाक्याला काही अर्थच उरला नसता. ईश्वराच्या आज्ञेचेही तसेच आहे. आज्ञेनेच कृती योग्य ठरत असेल, तर निरपराध्याला मारण्याची आज्ञा झाल्यास तेही योग्य मानावे लागेल, आणि ‘ईश्वर न्यायी आहे’ हे विधान ‘ईश्वराला जे वाटते ते ईश्वराला वाटते’ एवढ्यावर येऊन थांबेल. कृती योग्य आहे म्हणून ईश्वर ती करायला सांगत असेल, तर योग्यतेचे माप त्या आज्ञेच्या आधीपासून अस्तित्वात आहे.

आस्तिक तत्त्वज्ञांनी यावर दिलेले उत्तर पोकळ नाही. ईश्वर हा शिक्का मारणारा निरीक्षक नसून तो स्वतःच प्रमाण वजन आहे, त्याचा स्वभावच चांगुलपणाचा असल्यामुळे त्याच्या आज्ञा मनमानी असूच शकत नाहीत, असे ते म्हणतात. तथापि, त्या स्वभावाला चांगला म्हणताना दया आणि न्याय यांची जी ओळख वापरली जाते, ती माणसाला आधीच झालेली असावी लागते. निदान ती ओळख पटवण्यासाठी श्रद्धेची अट घालता येत नाही, एवढे या उत्तरानंतरही कायम राहते.

शपथ न कळणारे मूल

उगमाच्या प्रश्नाकडे जाण्यासाठी शपथ अधिनियमातील एक लहानशी तरतूद उपयोगी पडते. साक्षीदार बारा वर्षांखालील मूल असेल, आणि त्याला खरे बोलण्याचे कर्तव्य कळते पण शपथेचे स्वरूप कळत नाही असे न्यायालयाचे मत झाले, तर त्याला शपथ देण्याची गरज नाही. खरेपणाची जाण शपथेच्या जाणिवेआधी येते, असा मानसशास्त्रीय अंदाज कायदा लिहिणाऱ्यांनी या एका कलमात नोंदवून ठेवला आहे.

तो अंदाज कितपत बरोबर होता, हे लॅरी नुची आणि एलियट टुरियल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या कामावरून दिसते. त्यांनी आमिश-मेनोनाइट या अत्यंत सश्रद्ध ख्रिस्ती पंथातील आणि सनातनी ज्यू घरांतील मुलांशी संवाद साधला. रविवारी काम करू नये हा नियम देवाने केलाच नसता, तर रविवारी काम करणे चालले असते का, असे विचारल्यावर आमिश मुलांनी, हो, चालले असते, असे सांगितले. दुसऱ्याला मारू नये किंवा चोरी करू नये हे देवाने सांगितले नसते तर काय, असे विचारल्यावर मात्र बहुतेक मुले म्हणाली, की तरीही ते वाईटच ठरले असते, कारण त्याने दुसऱ्याला दुखते, त्याचे नुकसान होते. देवाने चोरी करायला सांगितली असती तर, या प्रश्नावर काहींनी ‘देव असे सांगणारच नाही’ असा पवित्रा घेतला, आणि हा पवित्रा घेताना आपण सॉक्रेटिसच्या बाजूला जाऊन उभे राहिलो, याची त्यांना अर्थातच कल्पना नव्हती. धर्माने घालून दिलेले विधिनियम आणि इतरांच्या इजेशी जोडलेले नैतिक नियम यांतील फरक ही मुले स्वतःच करीत होती, तेही धर्माच्या शिकवणीत पूर्णपणे वाढत असताना.

याहून मागे, अगदी तान्ह्या वयापर्यंत, नीतीचा माग काढण्याचा प्रयत्न तितका यशस्वी झालेला नाही. टेकडी चढणाऱ्या बाहुलीला मदत करणारी बाहुली सहा ते दहा महिन्यांची बाळे अधिक पसंत करतात, असे येल विद्यापीठातील प्रयोगात २००७ मध्ये आढळले आणि त्याची मोठी प्रसिद्धी झाली. पण अनेक प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला, तेव्हा ती पसंती दिसून आली नाही. नीती जन्मजात आहे, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी येथे थोडे सबुरीने घ्यावे हे बरे.

भुवनेश्वरमधील सुतक

विधी वेगळे आणि नीती वेगळी, हा निष्कर्ष सगळीकडे सरसकट लागू करावा, तर ओडिशातील एक अभ्यास आडवा येतो. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात भुवनेश्वरमधील ब्राह्मण व अस्पृश्य मानलेल्या जातींतील लोकांना आणि शिकागोमधील अमेरिकी लोकांना वर्तनाचे ३९ प्रसंग सांगून त्यांतील गैर काय आणि ते किती गंभीर, असे विचारले होते. वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा त्यांतला एक प्रसंग. शिकागोतील लोकांना त्यात वावगे काही वाटले नाही. भुवनेश्वरच्या ब्राह्मणांनी तो सर्वात गंभीर अपराधांच्या यादीत अगदी वर ठेवला, आणि हा केवळ आपल्याकडचा रिवाज आहे असे न म्हणता ते कृत्य मुळातच वाईट असल्याचे सांगितले. (महाराष्ट्रातील अनेक समाजांत क्षौर हा अंत्यविधीचाच भाग असल्यामुळे येथील वाचकाला त्यातली कोंबडी खटकेल, केस कदाचित खटकणार नाहीत.)

वरवर पाहता, येथे धर्मानेच नीती घडवली असे वाटते. पण त्या लोकांच्या कारणांकडे नीट पाहिले, तर वेगळी यंत्रणा दिसते. सुतकाच्या दिवसांत मुलाने पाळलेल्या संयमावर मृताच्या आत्म्याची पुढची गती अवलंबून असते अशी श्रद्धा असेल, तर कोंबडी खाणारा मुलगा एका असहाय जिवाला, तेही जन्मदात्याला, वाटेत अडकवून स्वतः मेजवानी झोडत असतो. असहायाला इजा करू नये, उपकारकर्त्याशी कृतघ्न होऊ नये, ही तत्त्वे शिकागोच्या माणसालाही मान्य आहेत. त्या दोघांचे मतभेद आहेत ते जगात काय काय घडते याविषयी. श्रद्धा पुष्कळदा नैतिक तत्त्व बदलत नाही. ती वस्तुस्थितीचे चित्र बदलते, इजा कोणाला होते आणि कोणाची दखल घ्यायची याची यादी बदलते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवजंतूंनाही इजेच्या हिशेबात धरणाऱ्या जैन आचाराचे, किंवा स्पर्शाने विटाळ होतो असे मानून माणसांना पाणवठ्यावरून हाकलणाऱ्या आचाराचे स्पष्टीकरणही याच वाटेने मिळते. एका बाजूला करुणेचा परीघ वाढतो, दुसऱ्या बाजूला तो आक्रसतो, आणि दोन्हीकडे धर्माचीच साक्ष काढली जाते.

कोणी पाहत असेल तर

प्रेरणेच्या प्रश्नावर मात्र धर्माच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. आठ समाजांतील ५९१ लोकांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्याच्या रचनेसाठीच लक्षात ठेवावा असा आहे. माणसाला एकांतात ३० नाणी, दोन पेले आणि दोन रंगांच्या बाजू असलेला फासा दिला जाई. मनातल्या मनात एक पेला निवडायचा, फासा टाकायचा; एक रंग आला तर निवडलेल्या पेल्यात नाणे टाकायचे, दुसरा आला तर दुसऱ्या पेल्यात. काही वेळा एक पेला स्वतःचा आणि दुसरा दूरच्या गावातील अनोळखी स्वधर्मीयाचा असे. निवड मनातच होत असल्यामुळे एखादे नाणे लबाडीने पडले की नियमाने, हे कोणालाच कळू शकत नव्हते. पण प्रामाणिकपणे खेळल्यास नाणी साधारण निम्मी निम्मी व्हायला हवीत, त्यामुळे समूहाची एकूण लबाडी मोजता येत होती. आपला देव सर्व काही जाणतो आणि चुकल्यास शिक्षा करतो, असे मानणारे लोक त्या दूरच्या माणसाशी अधिक न्यायाने वागले. ओळखीपाळखीच्या लहान वस्तीत शेजाऱ्यांची नजर पुरते; अनोळखी लोकांशी व्यवहार करणारे मोठे समाज उभे राहताना देवाच्या नजरेने तिची जागा घेतली असावी, या मताला या प्रयोगाने बळ दिले. मात्र ज्याच्याशी न्यायाने वागले गेले तो माणूस स्वधर्मीय होता, हा तपशील नजरेआड करून चालणार नाही.

ही नजर सतत जागी नसते, असेही दिसते. मोरोक्कोतील माराकेश शहरात दुकानदारांना, पैसे स्वतःला घेणार की दानाला देणार, असे विचारण्यात आले. अजान ऐकू येत असताना विचारलेल्या सर्वांनी सर्वात उदार पर्याय निवडला, एरवी तसे करणाऱ्यांचे प्रमाण बरेच कमी होते. दुकानदार एकाच शहरातले, श्रद्धाही तीच. फरक होता तो स्मरणाचा. या दृष्टीने पाहिले, तर घंटा, अजान, जपमाळ, गळ्यातली माळ ही स्मरणाची साधने आहेत, आणि माळकऱ्याने मद्य-मांस वर्ज्य करण्यामागे ती माळ रोज हाताला लागते या गोष्टीचा वाटा लहान नसावा. स्मरण देण्याचे काम इतर गोष्टीही करतात. न्यूकॅसल विद्यापीठातील एका चहा-कॉफीच्या खोलीत पैसे ज्याने त्याने डब्यात टाकायचे असत. तेथे दरपत्रकावर फुलांऐवजी डोळ्यांचे चित्र लावल्यावर गोळा होणारी रक्कम जवळजवळ तिप्पट झाली, असे २००६ मध्ये आढळले. पुढील चाचण्यांत असा परिणाम पुष्कळच क्षीण निघाला, तेव्हा कागदी डोळ्यांवर फार भिस्त ठेवू नये.

आणि श्रद्धा, स्मरण दोन्ही असूनही परिस्थिती त्यांच्यावर मात करू शकते. प्रिन्स्टन येथील धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले. वाटेतल्या बोळात एक माणूस कण्हत, खोकत पडलेला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि ‘तुम्हाला उशीर झाला आहे’ असे सांगून पाठवलेल्यांपैकी अवघे १० टक्के. त्यांच्यातील काहींच्या भाषणाचा विषय बायबलमधील, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी प्रवाशाची गोष्ट हा होता. त्याने लक्षणीय फरक पडला नाही. १९७३ चा हा प्रयोग वाचताना, रुग्णवाहिकेला वाट न देणारी सकाळच्या वेळची वाहने आठवली तर नवल नाही. अमेरिका आणि कॅनडामधील १,२५२ प्रौढांना दिवसातून अनेकदा मोबाइलवर संदेश पाठवून, नुकतेच कोणते चांगले किंवा वाईट कृत्य घडले हे विचारणाऱ्या २०१४ च्या अभ्यासातही धार्मिक आणि अधार्मिक लोकांच्या नैतिक वर्तनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

ईश्वराविना धर्म

हा सगळा वाद भारतीय परंपरेत नेला की त्याचे रूप पालटते. जैन आणि बौद्ध परंपरांनी जगाचा निर्माता ईश्वर मानलाच नाही, तरी अहिंसेचे सर्वात काटेकोर नियम त्यांच्याकडेच आढळतात. वेदांना अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले, मानणाऱ्या मीमांसकांनाही आज्ञा देणाऱ्या ईश्वराची गरज भासली नाही. नालासोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखांच्या तुकड्यांपैकी एक नवव्या लेखाचा आहे. आजारपण, लग्न, जन्म अशा प्रसंगी लोक जे नाना विधी करतात त्यांचे फळ अल्प आहे, आणि दास व सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राण्यांबाबत संयम बाळगणे हाच खरा फलदायी विधी आहे, असा त्या लेखाचा आशय आहे. अशोक त्यासोबत परलोकातील फळाचाही हवाला देतो, हे खरे. प्रेरणेसाठी त्याला ते सोडवत नाही.

आधुनिक काळात गोपाळ गणेश आगरकरांनी परलोकाचा हवालाही सोडून दिला आणि त्यांच्या विरोधकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. सेवाग्राममध्ये याहून शांतपणे एक पेच सुटला. आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांच्या मुलीचा अस्पृश्य मानलेल्या जातीतील तरुणाशी विवाह आश्रमात लावण्यास गांधीजी तयार झाले, आणि विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घेण्यासही त्यांनी मान्यता दिली. तो विवाह मार्च १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर, सेवाग्रामला झाला.

या प्रश्नाची सर्वात कसोशीने मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात केली. रूढ धर्मात ईश्वर, आत्मा, प्रार्थना आणि विधी हे मुख्य असून नीती ही मागाहून जोडलेली गोष्ट आहे, तर धम्मात ईश्वराचे स्थानच नीतीला दिलेले आहे, असे त्यांनी म्हटले. मात्र नुसती नीती पुरेशी आहे, असे ते म्हणत नाहीत. चोरांच्या टोळीलाही आपापसातील नीती असते, व्यापाऱ्यांना असते, एका जातीच्या लोकांनाही असते. ती आतल्या माणसाचे रक्षण करते आणि बाहेरच्याला मोकळेपणाने लुबाडू देते. म्हणून नीती पवित्र आणि सार्वत्रिक झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. पवित्र कशासाठी, तर बलवानाच्या तावडीतून दुर्बळाचे रक्षण व्हावे आणि प्रत्येक व्यक्तीच्या वाढीला वाव मिळावा यासाठी. आणि सार्वत्रिक कशाच्या आधारे, तर माणसामाणसांतील बंधुभावाच्या. दूरच्या स्वधर्मीयासाठी पेल्यात प्रामाणिकपणे नाणे टाकणारा माणूस परधर्मीयाच्या किंवा परजातीयाच्या पेल्याशी कसा वागेल, हा आंबेडकरांच्या दृष्टीने खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी ईश्वर असण्या-नसण्याशी न जोडता जातींच्या भिंती असण्या-नसण्याशी जोडले.